यातला एकच ठेवायचा तर कुठला? चित्रपटांची स्वतःची क्रमवारी लावण्याची पद्धत

पाहिलेला प्रत्येक चित्रपट वहीत उतरवायचा आणि त्याला दहापैकी गुण द्यायचे, ही सवय मला चौदा वर्षांपूर्वी लागली. वह्या भरत गेल्या, आकडे साचत गेले. मग एकदा ताईने वही चाळता चाळता दोन नावांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "या दोघांनाही तू आठ दिलेत. आज रात्री यातला एकच बघायचा तर कुठला बघशील?"

उत्तर माझ्या तोंडून लगेच आलं. म्हणजे माझ्या मनात ते दोन चित्रपट एका पातळीवर कधीच नव्हते. मग वहीतला तो आठ नेमकं काय सांगत होता? मागची पानं उलटून पाहिली तर सात आणि आठ यांचा नुसता खच पडला होता. आवडलेलं सगळं तिथेच येऊन बसलेलं. त्यातही पहिल्या वर्षीचा सात आणि सहाव्या वर्षीचा सात यांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नव्हता, कारण मधल्या काळात मी इतकं काही पाहिलं होतं की माझी मोजपट्टीच बदलली होती.

तेव्हापासून मी गुण देणं सोडलं आणि जोड्या लावायला लागले. दोन चित्रपट समोरासमोर ठेवायचे, एक निवडायचा, का निवडला ते तारखेसह लिहायचं. पुढे सांगितलेलं सगळं या एका कृतीभोवती आहे. ज्यांना निदान वीस-पंचवीस चित्रपट नीट आठवतात त्यांना ती आजपासून सुरू करता येईल. लागते ती एक वही आणि कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या.

आधी प्रश्न ठरवा

‘सर्वांत आवडते’ आणि ‘सर्वांत उत्तम’ या दोन वेगळ्या याद्या आहेत. ‘सर्वांत महत्त्वाचे’ ही तिसरी. पुष्कळ जण एकाच यादीत या तिन्ही गोष्टी कोंबतात. पहिला चित्रपट जीव जडला म्हणून, दुसरा सगळे थोर म्हणतात म्हणून, तिसरा इतिहासात त्याचं नाव आहे म्हणून. अशी यादी वर्षभराने वाचली की आपली आपल्यालाच ओळखू येत नाही.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा आणि प्रत्येक जोडीला तोच विचारा. मी सुरुवातीला ताईचा प्रश्न जसाच्या तसा घेतला होता: आज रात्री यातला कुठला बघशील? पण तो पुरला नाही. काही चित्रपट इतके जड असतात की ते पुन्हा बघायचं धाडस चटकन होत नाही. युद्धावरचा एक चित्रपट पाहून मी दोन दिवस नीट झोपले नव्हते. त्याच्यासमोर एखादी हलकीफुलकी प्रेमकथा ठेवली तर ‘आज रात्री’ ती प्रेमकथाच जिंकणार. तरी मला पक्कं ठाऊक होतं की त्या युद्धपटाने मला जे दिलं ते या प्रेमकथेने दिलेलं नाही.

मग प्रश्न बदलला: *या दोनांतला एकच माझ्या आयुष्यात राहणार असेल आणि दुसरा मी कधी पाहिलाच नव्हता असं होणार असेल, तर कुठला ठेवीन?* हा प्रश्न जड आणि हलक्या दोघांनाही न्याय देतो. तुमचा प्रश्न वेगळा असू शकेल. फक्त तो एकच असावा आणि मध्येच बदलू नये. बदललात तर नवी यादी सुरू करा.

अभिनय, छायाचित्रण, संगीत, संकलन, पटकथा यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करायची पद्धत मीही वापरली आहे, जवळजवळ वर्षभर. तिने वर आणून बसवले ते कुठेच न चुकलेले चित्रपट. सगळ्या रकान्यांत सात-सात मिळवणारे, आणि महिन्याभराने एकही दृश्य न आठवणारे. उलट एका जागी कोसळणारा पण दुसऱ्या जागी श्वास रोखायला लावणारा चित्रपट बेरजेत मागे पडायचा. चित्रपट तुकड्यांत बघितला जात नाही, तेव्हा त्याची किंमतही तुकड्यांत करू नये.

काय पाहिलं ते नेमकं लिहा

ही पायरी रुक्ष वाटते, पण इथे हयगय केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. नाव लिहून भागत नाही, आवृत्ती लिहावी लागते. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली आला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन होतं आणि शेवट सुखाचा होता. १९९२ च्या आवृत्तीतून हे दोन्ही काढून टाकलं गेलं, आणि २००७ मध्ये आणखी एक, अखेरची म्हणवणारी आवृत्ती आली. पहिली पाहिलेला आणि तिसरी पाहिलेला एकमेकांशी वाद घालत असतील तर ते दोन निराळ्या चित्रपटांबद्दल बोलत असतात. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’चा हरवलेला मोठा भाग २००८ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये सापडला आणि २०१० मध्ये तो जोडलेली प्रत लोकांसमोर आली. त्याआधी ज्यांनी तो पाहिला त्यांच्या यादीत नाव तेच असलं तरी कथानकाचे काही धागे त्यांनी पाहिलेलेच नव्हते.

घरी बघणार असाल तर टीव्हीचं सेटिंग एकदा तपासाच. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ सुटी स्थिरचित्रं, या वेगाने चित्रित होतात. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतात आणि त्यामुळे भव्य चित्रपटही दूरदर्शन मालिकेसारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळं नाव देते. मेनूमध्ये ‘मोशन’ हा शब्द शोधा आणि ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, तो यासाठीच आहे. चित्राचा आकारही बघा. जुने चित्रपट १.३७:१ या जवळजवळ चौकोनी आकारात असतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून चित्र ताणू नका, माणसं बुटकी आणि रुंद दिसायला लागतात. युरोपीय पद्धतीच्या जुन्या डीव्हीडींवर २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने पळवलेला असतो. दोन तासांचा चित्रपट साधारण ११५ मिनिटांत संपतो आणि बहुधा आवाजही किंचित चढा लागतो.

मी प्रत्येक चित्रपटापुढे तारीख, पडदा (चित्रपटगृह, टीव्ही की फोन), आवृत्ती, भाषा (मूळ, डब की सबटायटल) आणि किती बैठकांत पाहिला हे लिहिते. एका ओळीत मावतं. अर्धवट झोपेत, गाडीत फोनवर किंवा चार तुकड्यांत पाहिलेल्या चित्रपटापुढे ‘कच्चा’ असं लिहिते. कच्चा चित्रपट क्रमवारीत येत नाही. त्याच्याविषयी मत असू शकतं, त्याला जागा मिळत नाही. हा नियम कडक वाटेल, पण माझ्या यादीवर माझा विश्वास टिकला तो याच नियमामुळे.

काही चित्रपट कुणालाच पूर्ण बघता येत नाहीत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच उरली आहेत, आणि ती १९१७ च्या पुनर्निर्मितीतली असावीत असंही काही अभ्यासक मानतात. अशांसाठी मी वेगळं पान ठेवलंय. तिथे क्रम नाही.

तीन वेळा लिहा, लगेच निकाल देऊ नका

चित्रपट संपल्यावर लगेच फक्त तीन ओळी लिहायच्या: डोळ्यांसमोर राहिलेलं एक दृश्य, कानात राहिलेला एक आवाज किंवा वाक्य, आणि एक शंका किंवा तक्रार. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द या ओळींत वापरायचे नाहीत. ‘म्हातारी दाराला कडी लावते आणि मग पुन्हा उघडून बघते’ ही नोंद पाच वर्षांनीही जिवंत राहते. ‘अप्रतिम अभिनय’ या नोंदीतून पुढच्या आठवड्यातसुद्धा काही हाती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी एक परिच्छेद. त्यात स्वतःला मुद्दाम विचारायचं: मधला तासभर कसा होता? हा प्रश्न का, त्याला आधार आहे. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, पण या जादा वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातला कुठला प्रकार पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा प्रकार निवडला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा. आठवणीत उरतो तो अनुभवाचा कळस आणि त्याचा शेवट. तो किती वेळ चालला याला फारसं वजन मिळत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत हे रोज घडतं. शेवटची दहा मिनिटं जबरदस्त असली की आधीचा रेंगाळलेला तास आपण माफ करून टाकतो. शेवट फसला की दीड तासाची सुरेख बांधणी विसरतो. शेवटाला वजन द्यायला माझी हरकत नाही, शेवट महत्त्वाचा असतोच. पण ते वजन आपण जाणूनबुजून द्यावं.

तिसरी नोंद आठवड्याने, आधीच्या दोन्ही न वाचता. काय आठवतंय तेवढंच लिहायचं. मग तिन्ही शेजारी ठेवून वाचा. उत्साहात लिहिलेल्या पहिल्या नोंदीतलं आठवड्यानंतर काहीच उरलेलं नाही असं दिसलं, तर तो चित्रपट यादीत कुठे जाईल याचा अंदाज तुम्हाला आलेला असतो. ही तिसरी नोंद झाल्याशिवाय मी कुठलाही चित्रपट क्रमवारीत घेत नाही.

गठ्ठे

पहिली यादी करताना पन्नास चित्रपट घ्या. प्रत्येकाची एक चिठ्ठी: नाव, वर्ष, दिग्दर्शक. नावासोबत वर्ष हवंच, कारण एकाच नावाचे अनेक चित्रपट असतात. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: ज्यांच्याशिवाय करमणार नाही ते, जे असलेले बरे ते, आणि जे गेले तरी चालतील ते. पाच-सात मिनिटांत उरकायचं. जुने गुण, पुरस्कार, इतरांची मतं यांतलं काही बघायचं नाही. मधला गठ्ठा नेहमी फुगतो. निम्म्यापेक्षा जास्त चिठ्ठ्या तिथे गेल्या तर तो उचलून पुन्हा वाटा.

जोड्या

पन्नास चित्रपटांची प्रत्येक जोडी तपासायची म्हटली तर १,२२५ जोड्या होतात. तेवढ्या कुणी तपासू नयेत आणि गरजही नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, शब्द आधी आहे की नंतर ते बघतो आणि उरलेल्या अर्ध्या भागाचं पुन्हा मधलं पान उघडतो. चित्रपटाची जागा तशीच शोधायची.

समजा तुमच्या यादीत १५ चित्रपट क्रमाने लागले आहेत आणि सोळावा आत घ्यायचा आहे.

१. त्याला आठव्यासमोर ठेवा. नवा जिंकला. म्हणजे त्याची जागा या आठव्याच्या वर कुठेतरी आहे.
२. आता चौथ्यासमोर. नवा हरला. जागा चौथ्याच्या खाली.
३. सहाव्यासमोर. नवा जिंकला.
४. पाचव्यासमोर. नवा हरला.

झालं. पाचव्याच्या खाली, सहाव्याच्या वर. नवा चित्रपट सहावा. चार प्रश्न लागले. यादी १०० ची असेल तर जास्तीत जास्त सात प्रश्न, हजाराची असेल तर दहा. कोऱ्या कागदापासून पन्नास चित्रपटांची यादी लावायला जास्तीत जास्त २३७ प्रश्न पुरतात, आणि आधी गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठा वेगळा लावलात तर त्याहूनही पुष्कळ कमी. एका बैठकीत पन्नास-साठच्या पुढे जाऊ नका. मन थकलं की ते ओळखीचं नाव निवडत सुटतं.

प्रत्येक प्रश्नाला पाच-दहा सेकंद द्या. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर दोन्ही चित्रपटांच्या आठवड्यानंतरच्या नोंदी वाचा. त्यानेही सुटलं नाही तर नव्याला खाली जागा द्या. माझा नियम असा की यादीत आधीपासून असलेल्याला हलवायचं तर नव्याने त्याला स्पष्टपणे हरवलं पाहिजे. नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाचं रंगरूप मनात ताजं असतं, त्या ताजेपणाचा गैरफायदा त्याला मिळू नये.

या पद्धतीत एक कच्चा दुवा आहे. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर चुकलं तर चित्रपट चुकीच्या अर्ध्या भागात जातो आणि पुढची सगळी उत्तरं बरोबर असली तरी तिथेच अडकतो. म्हणून जागा ठरल्यावर त्याला वरच्या आणि खालच्या दोन-दोन शेजाऱ्यांशी पुन्हा भिडवा, आणि दहा जागा वर असलेल्या एकाशीही. दोन मिनिटांचं काम आहे.

मग वहीत दोन ओळी लिहा: ‘याच्या खाली का’ आणि ‘त्याच्या वर का’. माझ्या वहीतली सर्वांत मोलाची पानं कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच दाखवीन. नुसतं ‘संकलन चांगलं’ लिहून इथे निभावत नाही. शेजारच्या चित्रपटाचं संकलनही चांगलंच असतं, म्हणून तर तो शेजारी आहे. मग तुम्हाला लिहावं लागतं की एक चित्रपट पात्राचा चेहरा पुरता वाचू देतो आणि मग कापतो, दुसरा भाव उमटायच्या आतच कापतो, आणि माझा जीव पहिल्यात रमतो. चित्रपटाकडे बघायला मी कशाने शिकले असेन तर या दोन ओळींनी.

चक्रात अडकलात तर

कधी असं होतं: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. घाबरायचं कारण नाही. माणसांच्या गटाच्या मतदानात असं चक्र तयार होऊ शकतं हे फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी १७८५ मध्येच दाखवलं होतं. एकट्याच्या मनातही ते होतं, कारण नकळत प्रत्येक जोडीला आपण वेगळी कसोटी लावतो. पहिल्या जोडीत कथा बघितली, दुसऱ्या जोडीत छायाचित्रण, तिसऱ्या जोडीत लहानपणीची आठवण आडवी आली.

उपाय साधा आहे. पहिल्या पानावरचा प्रश्न मोठ्याने वाचून तिन्ही जोड्या पुन्हा तपासा. बहुतेक वेळा चक्र तुटतं. नाहीच तुटलं तर तिघांभोवती महिरप काढून त्यांना एकच क्रमांक द्या आणि महिन्याने परत या.

शेकड्यांनी चित्रपट असतील तर

तीनशेच्या पुढे यादी गेली की चिठ्ठ्या सांभाळणं अवघड होतं. तिथे बुद्धिबळातली ईलो पद्धत कामी येते. आर्पाद ईलो हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ. त्यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. प्रत्येक चित्रपटाला १५०० गुणांवर सुरू करा आणि संगणकाला कुठल्याही दोघांची गाठ घालून द्यायला सांगा. एका सामन्याची कमाल उलाढाल ३२ धरली, तर बरोबरीच्या दोघांत जिंकणाऱ्याला १६ गुण मिळतात आणि हरणाऱ्याचे तेवढेच जातात. १६०० गुणांच्या चित्रपटाने १४०० वाल्याला हरवलं तर त्याला सुमारे ८ च मिळतात, कारण ते अपेक्षितच होतं. उलटं घडलं तर खालच्याला सुमारे २४ मिळतात. एखादं उत्तर चुकलं तरी पुढच्या सामन्यांत ते धुऊन निघतं, हा मोठा फायदा. पण सामने खूप खेळवावे लागतात आणि ‘का’ लिहायची सवय सुटते. मी ही पद्धत फक्त दीडशेव्या क्रमांकानंतरच्या चित्रपटांसाठी वापरते.

विनोदी चित्रपट, माहितीपट, बालपण

दहा मिनिटांचा लघुपट तीन तासांच्या चित्रपटासमोर ठेवावा का? ठेवावा. माहितीपट कथापटासमोर? तोही ठेवावा. वेगवेगळ्या याद्या केल्या की प्रत्येक जण आपापल्या खोलीत सुरक्षित राहतो आणि आपल्याला आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं, हा प्रश्न कधी समोरच येत नाही.

विनोदी चित्रपटांची मात्र खास काळजी घ्यावी लागते. हसू आठवणीत टिकत नाही. दुःखाचा प्रसंग नुसता आठवला तरी घसा दाटतो, पण विनोदाचा प्रसंग आठवून तसंच हसू येत नाही. त्यामुळे आठवणीवर लावलेल्या यादीत विनोद हमखास खाली घसरतो. विनोदी चित्रपट बघताना मी वहीच्या कडेला, मोठ्याने हसले की एक रेघ मारते. जोडी लावताना त्या रेघा साक्षीला असतात.

लहानपणी पाहिलेले चित्रपट वेगळ्या कारणाने अवघड. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडायला लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ च्या संशोधनात दाखवलं. दहा वेळा पाहिलेला चित्रपट एकदाच पाहिलेल्यासमोर आधीच बळ घेऊन उतरतो. ही जवळीक मी खोटी मानत नाही, माझा प्रश्न माझ्या आयुष्याबद्दलच आहे. पण अशा चित्रपटाला जागा देण्याआधी तो मोठेपणी एकदा पुन्हा बघितलाच पाहिजे. तोवर तो कच्चा.

यादी हलली पाहिजे

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची नावं मागवतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला. १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’, जो १९५२ मध्ये पहिल्या दहातही नव्हता. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ पहिला आला. तो प्रदर्शित झाला १९५८ मध्ये, पहिल्या दहात आला थेट १९८२ मध्ये सातवा म्हणून, मग चौथा, मग दुसरा, मग पहिला. २०२२ मध्ये १,६०० हून अधिक जणांनी मत दिलं आणि शांताल आकेरमान यांचा १९७५ चा, २०१ मिनिटांचा, ‘जान दिलमान’ या नायिकेच्या नावाने ओळखला जाणारा चित्रपट पहिला आला. २०१२ मध्ये तो पहिल्या दहात कुठेही नव्हता. या चित्रपटांतली एक चौकटही मधल्या काळात बदलली नव्हती. बदलले ते बघणारे, त्यांची संख्या, आणि त्यांना काय काय बघायला मिळालं ते.

या मतदानातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक जण दहा नावं देतो आणि दहाही नावांना एकेकच मत मिळतं. त्यामुळे पहिला क्रमांक म्हणजे ‘सर्वांत जास्त लोकांच्या दहात असलेला’. सर्वांत जास्त लोकांचा लाडका तोच असेल असं नाही.

आपली यादी दरवर्षी एकदा ढवळावी. मी दहा चित्रपट निवडते: वरचे तीन, मधले तीन, आणि ज्यांच्या जागेबद्दल मनात खात्री नाही असे चार. ते पुन्हा बघायचे, जुनी नोंद न वाचता. मग नव्याने जोड्या लावायच्या. जुना क्रमांक खोडरबराने पुसायचा नाही, त्याच्यावर एक रेघ मारून शेजारी नवा क्रमांक आणि तारीख लिहायची.

माझ्या यादीत एक संथ चित्रपट आहे. एक बाई, एक घर, दिवसभराची कामं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो ६१ वा होता आणि कारण लिहिलं होतं, ‘काही घडायची वाट बघत बसले’. काही वर्षांनी मी एकटी राहायला लागले. संध्याकाळी कुलूप उघडल्यावर घरातला आवाज कसा असतो ते मला कळलं. त्या वर्षीच्या दहात तो होता, आणि या वेळी त्या बाईने दिवा लावला तेव्हाच मला रडू आलं. आता तो चौथा आहे. ६१ वर मारलेली रेघ मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. पहिल्यांदा मी चुकले होते असं मला वाटत नाही.

दिग्दर्शकांची तुलना

यादी दोनशेपर्यंत गेली की कुठला दिग्दर्शक आपल्याला सर्वांत जवळचा, हे काढायचा मोह होतो. सरळ सरासरी काढू नका. ज्याचा एकच चित्रपट पाहिला आणि तो खूप आवडला, तो पहिला येतो. प्रत्येक चित्रपटाला यादीतल्या जागेवरून शंभरपैकी आकडा द्या, सर्वांत वरच्याला १००, अगदी मधल्याला ५०. मग प्रत्येक दिग्दर्शकाच्या खात्यात ५० गुणांचे तीन काल्पनिक चित्रपट टाकून सरासरी काढा. एकाच ९५ गुणांच्या चित्रपटाचा दिग्दर्शक सुमारे ६१ वर येतो. सरासरी ८० चे आठ चित्रपट असलेला सुमारे ७२ वर. जास्त पाहिलेल्याबद्दल आपली खात्री जास्त, एवढंच हे गणित सांगतं.

दुसऱ्यांचे आकडे

‘रॉटन टोमॅटोज’वरचा टक्का म्हणजे किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे त्याचं प्रमाण. सगळ्यांना चित्रपट जेमतेम बरा वाटला तरी तो शंभर टक्के दिसू शकतो. अर्ध्यांना तो थोर आणि अर्ध्यांना असह्य वाटला तर पन्नास. मी तर पन्नास-साठ टक्केवाल्यांकडे मुद्दाम वळते. ज्यावरून माणसं भांडतात त्यात काहीतरी असतं.

दोघांची किंवा गटाची यादी

मित्रमंडळींची एकत्र यादी करायची असेल तर प्रत्येकाने दहा नावं क्रमाने द्यावीत. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं दहाव्याला १. ही अठराव्या शतकातल्या बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत. ती सर्वांना बऱ्यापैकी आवडणाऱ्याच्या बाजूने झुकते: पाचही जणांनी पाचव्या जागी ठेवलेल्या चित्रपटाला ३० गुण मिळतात, तर दोघांनी पहिला ठेवलेला आणि बाकीच्यांनी वगळलेला २० वरच राहतो.

आज सगळ्यांनी मिळून एकच चित्रपट बघायचा असेल तर दुसरी पद्धत बरी. प्रत्येक जण आपला क्रम लिहितो, आधी फक्त पहिल्या पसंती मोजतात, सर्वांत कमी मतांचा चित्रपट बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. अर्ध्याहून जास्त मतं कुणाला मिळेपर्यंत हे चालतं. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाची निवड २००९ च्या चित्रपटांपासून, म्हणजे नामांकनं दहा केली तेव्हापासून, अशीच होते.

ताईनेही आता वही केली आहे. तिचा प्रश्न अजून तोच आहे, ‘आज रात्री कुठला?’, म्हणून आमच्या याद्यांची बेरीज आम्ही करत नाही. पहिली दहा-दहा पानं फक्त एकमेकींना वाचून दाखवतो. तिच्या दहातल्या आणि माझ्या दहातल्या दोनच नावांचं जुळतं. तिच्या यादीतले तीन मी पाहिलेलेच नव्हते. ते या महिन्याच्या पानावर वर लिहून ठेवलेत, शेजारी आवृत्ती आणि लांबी. पहिला २०१ मिनिटांचा आहे. रविवारची दुपार त्यासाठी मोकळी ठेवली आहे.